प्लग उघडा, मालक व्हा



कापसाचा हंगाम सुरू झाला की गावोगाव एक तक्रार ठरलेली असते. ऐन गर्दीत पिकअप गाडी बसली, मागचे क्राऊन-पिनियन गेले, गिअर पडेनासा झाला, मिस्त्रीने छातीत धडकी भरेल असा आकडा सांगितला. गाडी घेऊन चार-पाच वर्षे झालेली, बँकेचा हप्ता अजून चालूच. चौकशी केली की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. गाडी घेतल्यापासून गिअरबॉक्सचे आणि मागच्या डिफरन्शियलचे तेल एकदाही बदललेले नसते. मालकाला विचारावे तर तो म्हणतो, सर्व्हिसिंग तर वेळच्या वेळी करतो. त्याच्या लेखी सर्व्हिसिंग म्हणजे इंजिनाचे तेल. बाकीची गाडी देवाच्या भरवशावर.

माझे म्हणणे सरळ आहे. गिअरबॉक्सचे आणि डिफरन्शियलचे तेल ज्याने त्याने आपल्या हाताने, आपल्या अंगणात बदलावे. हे काम कोणत्याही शेतकऱ्याला जमण्यासारखे आहे. आणि हे काम आपल्याला येणे हा तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. संघटनेने ते घराघरांत पोचवले पाहिजे.

हा काटकसरीचा उपदेश नव्हे

पहिला आक्षेप आपल्याच माणसांचा येईल, आणि तो रास्त आहे. शेतकऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्यांची या देशात कधी वाण पडली नाही. लग्नात खर्च करू नका, दारू पिऊ नका, हिशेब ठेवा, जोडधंदा करा. जणू शेतकरी उधळ्या आहे म्हणून कर्जात आहे. शरद जोशींनी या उपदेशाचा बुरखा फाडला. शेतकरी कर्जात आहे कारण त्याच्या मालाला उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मिळू दिला जात नाही, हे त्यांनी आकड्यांनी मांडले. त्या मांडणीवर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला, त्यांना आज कोणी तेल बदलून चार पैसे वाचवा असे सांगायला आले तर ते चिडणारच.

म्हणून आधीच सांगतो. तेल बदलून शेतकऱ्याचे कर्ज फिटणार नाही. कापसाचा भाव पडला तर गिअरबॉक्स कितीही स्वच्छ असला तरी घरात अंधारच. मजुरीचे वाचणारे पैसे मोजायला बसलात तर ते फार निघणार नाहीत. तेल विकतच घ्यावे लागते, वाचते ती हाताची मजुरी आणि गॅरेजपर्यंतचा अर्धा दिवस.

प्रश्न वेगळा आहे. नऊ-दहा लाखांची गाडी तुमच्या नावावर आहे, हप्ता तुम्ही भरता, पण तिच्या पोटात काय चालले आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. कोणते तेल घातले, किती घातले, जुन्या तेलात काय निघाले, हे तुम्ही पाहिले नाही. अशा मालकीला मालकी म्हणायचे का? सातबारा नावावर असून आपला माल कुठे आणि केव्हा विकायचा हे ठरवता येत नव्हते, तेव्हा त्या मालकीला आपण खोटी म्हटले होते. तीच फूटपट्टी गाडीलाही लागू आहे.

व्यापार शेतीची गाडी

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला गेला. सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. पिकवणाऱ्याने शेताच्या धुऱ्यावर थांबू नये, बाजारापर्यंत स्वतः जावे, हा व्यापार शेतीचा अर्थ. ते सांगणे सोपे होते, करणे अवघड, कारण बाजारापर्यंत जायला वाहन नव्हते. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार योजनेच्या काळात आपल्या बंड्या संकलन केंद्रापुढे रांगेत उभ्या असत. दुसरीकडे नेण्याची मुभा नव्हती आणि सोयही नव्हती.

एकाधिकार गेला. २००५ साली टाटांचा छोटा हत्ती आला, महिंद्राची पिकअप गावोगाव दिसू लागली, आणि व्यापार शेतीला चाके मिळाली. आज आर्वी-कारंजाकडचा शेतकरी संत्री स्वतः भरतो, सेलूकडचा भाजीपाला पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात पोचतो, समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद गाडीत पडते, देवळी-पुलगावचा कापूस हिंगणघाटच्या भावाशी ताडून पाहता येतो. एका बाजारात भाव पडला तर दुसऱ्या बाजाराची वाट धरता येते. ही ताकद लहान नाही. पण ही सगळी ताकद मागच्या धुरीतल्या दोन दातेरी चाकांवर उभी आहे. ती चाके हंगामात तुटली की आपण पुन्हा दारावर आलेल्या खेड्याच्या व्यापाऱ्यासमोर हात जोडून उभे. तो सांगेल तो भाव.

एवढ्याचसाठी हा विषय जिल्हा बैठकीच्या पत्रकात आणला आहे. भावाची लढाई लढायची तर बाजारापर्यंत पोचणारे वाहन चालू पाहिजे.

दिवा नसलेली जागा

इंजिनाच्या तेलाची काळजी सगळे घेतात, कारण इंजिन बोलते. दाब कमी झाला की समोर लाल दिवा लागतो, धूर निघतो, आवाज बदलतो. गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला असा दिवा नाही. ते मुकाट्याने झिजतात आणि बोलतात तेव्हा वेळ गेलेली असते.

त्या पोटात काय चालते ते समजून घ्या. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून लांब शाफ्टने मागे येते. तिथे पिनियन नावाचे लहान दातेरी चाक क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवते आणि फेऱ्याची दिशा चाकांकडे वळते. बहुतेक पिकअप गाड्यांत हे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेले असते. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते दाबत नाहीत, घासतही जातात. कापसाने लादलेली गाडी काळ्या मातीच्या पांदणीतून बाहेर काढताना त्या दातांवर येणारा दाब इतका असतो की साधे तेल पिळून बाहेर फेकले जाते आणि लोखंड लोखंडाला भिडते. म्हणून या तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्ये घालतात. दाब आणि उष्णता वाढली की ती दातांवर एक पातळ थर धरतात आणि दात वाचतात.

ही द्रव्ये कायमची नसतात. वापराने ती संपत जातात. दातांचा बारीक चुरा तेलात उतरतो आणि तेच तेल पुन्हा दातांवर फिरते. त्यात आपल्या भागात पाण्याची भर. पावसाळ्यात नाला ओलांडताना मागची धुरी पाण्यात बुडते. तापलेल्या धुरीला एकदम गार पाणी लागले की आतली हवा आक्रसते आणि हवेच्या नळीतून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेलाचा ताकासारखा पांढरट रंग होतो. अशा तेलावर हंगामभर गाडी चालली तर बेअरिंगला गंज चढतो. कंपनीच्या पुस्तिकेत तेल बदलण्याचे किलोमीटर दिलेले असतात, आणि जड कामाच्या गाडीला ते अंतर कमी धरायचे असते. पांदण, नाला आणि भरगच्च ओझे हे जडच काम आहे. ज्या गाडीची धुरी पाण्यात बुडाली, तिचे तेल किलोमीटर न पाहता तपासावे.

आपल्या बापजाद्यांना हे वेगळे सांगावे लागत नव्हते. बंडीच्या कण्याला वंगण घातल्याशिवाय बंडी गावाबाहेर निघत नसे, आणि वंगणाचा नळा बंडीलाच टांगलेला असे. वर्धा जिल्ह्याचा गवळाऊ बैल चालीला चपळ म्हणून नावाजलेला, पण कोरड्या कण्याची बंडी ओढून त्याला दमवणाऱ्या गड्याला गाव नावे ठेवी. वंगण सुताराने येऊन घालावे असे कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. बंडी गेली, पिकअप आली, आणि तिच्याबरोबर ही अक्कलही आपण शोरूमच्या काउंटरवर जमा करून आलो.

काम कसे करावे

काम अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो.

आधी पुस्तिका पाहा. गिअरबॉक्सला कोणते तेल, डिफरन्शियलला कोणते, किती लिटर, हे गाडीगणिक वेगळे असते. ‘नव्वद नंबर’ म्हणून दुकानदार देईल ते घेऊ नका. डब्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक जाडी, जसे ८० डब्ल्यू ९०. दुसरी दर्जा, जीएल-४ किंवा जीएल-५. डिफरन्शियलला बहुधा जीएल-५ लागते. पण गिअरबॉक्समध्ये पितळेच्या रिंगा असतात, आणि जीएल-५ मधली तीव्र द्रव्ये काही प्रकारांत त्या पितळेला खातात. म्हणून कित्येक गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेले असते. दोन्हीकडे एकच तेल ओतून मोकळे होणारे गॅरेज तुमचा वेळ वाचवत असेल, तुमचा गिअरबॉक्स वाचवत नाही. तेल सीलबंद डब्यातले घ्या, सुटे घेऊ नका, आणि पावती घ्या. ती पुढे कामी येते.

गाडी पाच-दहा किलोमीटर चालवून आणा. कोमट तेल पातळ असते, गाळासकट बाहेर येते. मग सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड. गाडी उचलायची तर चारही बाजूंनी सारखी उचलून मजबूत स्टँडवर ठेवा, नाहीतर उतारात तेलाची पातळी खोटी दिसेल. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जॅक सरकला तर पश्चात्तापालाही वेळ मिळत नाही. पिकअप उंच असते, बहुतेकदा न उचलताही हात पोचतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. आधी वरचा, भरायचा प्लग उघडा. तो सुटला तरच खालचा, सांडायचा प्लग उघडायचा. कित्येक गाड्यांत वरचा प्लग वर्षानुवर्षे न उघडल्याने गंजून जाम झालेला असतो. आधी खालचा उघडून तेल सांडले आणि मग वरचा निघेना, तर गाडी जागेवर अडकली. पाना बरोबर मापाचा आणि बंद तोंडाचा घ्या. सैल पान्याने प्लगचे कोपरे झिजतात.

जुने तेल परातीत धरा आणि ते वाचा. वाचा हाच शब्द मी वापरतो, कारण त्या परातीत गाडीची सगळी हकीकत असते. काही गाड्यांच्या प्लगला लोहचुंबक असते. त्यावर राखाडी, मऊ चिखल दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. कपच्या, सुयांसारखे तुकडे किंवा दाताचा टवका निघाला, तर गाडी मिस्त्रीकडे न्या आणि तो तुकडा बरोबर न्या. गिअरबॉक्सच्या तेलात पिवळी चमक जास्त दिसली, तर पितळी रिंगा झिजत आहेत. तेल ताकासारखे असेल, तर पाणी कुठून शिरले ते शोधा, धुरीवरची हवेची नळी मातीने बंद आहे का पाहा, सील पाहा.

खालचा प्लग पुसून, शक्यतो नवे वॉशर घालून बसवा. बेताने आवळा. जोर दाखवण्याच्या नादात घरातले आटे गेले तर पंधरा मिनिटांचे काम पंधरा दिवसांचे होते. वरच्या छिद्रातून हातपंपाने किंवा लांब नळी लावलेल्या नरसाळ्याने नवे तेल भरा. पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल, तर छिद्राच्या कडेपर्यंत येऊन तेल बाहेर ठिबकू लागले की पुरे. जास्त भरल्यास ते फेसाळते आणि सीलमधून बाहेर येते. चारही चाके ओढणाऱ्या गाडीला ट्रान्स्फर केस आणि पुढची धुरी असते, त्यांचे तेल वेगळे पाहावे. गाडीखाली शिरलाच आहात तर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस निप्पल असल्यास दोन पिचकाऱ्या ग्रीसच्या मारा. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. एक फेरी मारून या आणि प्लग झिरपतात का ते पाहा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी वेगळी सूचना. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, मागची धुरी, लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक या सगळ्यांना एकच तेल असते आणि ते पुष्कळ लागते. तिथे साधे गिअरचे तेल घातले तर लिफ्ट आणि ब्रेक बिघडतात. पुस्तिकेत सांगितले तेच तेल, त्याच दर्जाचे.

शेवटी जुन्या तेलाचे. ते नाल्यात, विहिरीजवळ, धुऱ्यावर ओतायचे नाही. ती आपली माती आणि आपलेच पाणी आहे. डब्यात साठवा. वापरलेले तेल परत गोळा होऊन त्यावर पुन्हा प्रक्रिया व्हावी, ही जबाबदारी तेल उत्पादकांवर टाकणारे केंद्राचे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. कागदावर जबाबदारी कंपनीची आहे, तर तालुक्याच्या गावी संकलनाची सोय कुठे आहे, हे आपण विचारले पाहिजे.

मिस्त्रीच्या पोटावर पाय?

गावातला मिस्त्री हा आपल्यातलाच. बहुतेक ठिकाणी तो शेतकऱ्याचा पोरगाच आहे, वावरात भागेना म्हणून पाना हाती घेतलेला. त्याच्या मजुरीवर डोळा ठेवून हे लिहिलेले नाही. त्याचे खरे कसब गिअरबॉक्स उतरवण्यात, बेअरिंग बसवण्यात, पिनियनचा बॅकलॅश जुळवण्यात आहे. त्या कसबाचे पूर्ण दाम त्याला मिळालेच पाहिजे. घासाघीस करू नये. श्रमाला भाव मागणाऱ्या संघटनेने दुसऱ्याच्या श्रमाचा भाव पाडणे शोभत नाही.

पण परातीतले तेल वाचता येणारा शेतकरी आणि न वाचता येणारा शेतकरी यांचे मिस्त्रीसमोर उभे राहणे वेगळे असते. पहिला सांगतो, चौथ्या गिअरला आवाज आहे, तेलात पितळ निघाले, हे बघ. दुसरा म्हणतो, काहीतरी वाजते, बघून घ्या. चांगल्या मिस्त्रीला पहिले गिऱ्हाईक आवडते. दुसरे गिऱ्हाईक कोणाला आवडते, ते सांगायला नको.

कंपनीचे कुलूप

खरा अडथळा मिस्त्रीचा नाही, कंपनीचा आहे. बाहेर हात लावलात तर गॅरंटी गेली, हे वाक्य विक्रीच्या दिवसापासून कानावर घातले जाते. हे वाक्य जितक्या ठासून सांगितले जाते तितके ते भक्कम नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ न देता, आपल्या अधिकृत दुकानांतूनच घ्यायला लावणे हा स्पर्धेचा भंग आहे, असे आयोगाने म्हटले. बाहेरच्या मिस्त्रीकडे दुरुस्ती केली म्हणून सरसकट गॅरंटी रद्द अशी अट घालू नका, असेही बजावले. त्यावर अपिले आणि कज्जे झाले, पण आयोगाने बोट ठेवले ती जागा बरोबर होती. एक बाजार, एकच दुकानदार, भाव तो सांगेल तो. एकाधिकार खरेदीचा हा उलटा चेहरा आपण चांगला ओळखतो. आपल्या कापसाला गिऱ्हाईक एकच, आणि आपल्याला लागणाऱ्या वस्तूला दुकानदार एकच. दोन्हीकडून कापला जातो तो शेतकरी.

व्यवहार म्हणून एवढे पाळा. गॅरंटीच्या मुदतीत अटींचा कागद आधी वाचा, काम करायचे ते पुस्तिकेतल्या तेलानेच करा, पावत्या आणि वही जपून ठेवा.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने पहिल्यांदा ज्या चार क्षेत्रांकडे पाहायचे ठरवले त्यांत शेतीची अवजारे आणि मोटारगाड्या दोन्ही आहेत. समिती म्हणजे कायदा नव्हे, हे आपल्याला समित्यांच्या दीर्घ अनुभवावरून ठाऊक आहे. अमेरिकेतला शेतकरी, ज्याला आपण बलाढ्य समजतो, तोही याच दुखण्याने हैराण आहे. तिथल्या ट्रॅक्टरांत बिघाड झाला तर कंपनीच्या संगणकाशिवाय दोष सापडत नाही. २०२३ साली कोलोरॅडो राज्याने शेतकऱ्याला आपले यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारच्या व्यापार आयोगाने जॉन डीअर कंपनीला याच मुद्द्यावर कोर्टात खेचले.

आपल्या गाड्यांतही २०२० नंतर धुराच्या नव्या नियमांमुळे इंजिनाभोवती सेन्सर आणि संगणकाचे जाळे वाढले. इंजिनाचा बराच भाग आपल्या हाताबाहेर गेला. गिअरबॉक्स आणि मागची धुरी मात्र अजून पान्याने उघडते. जिथे कुलूप लागलेले नाही तिथेही आपण हात लावत नसू, तर लागलेले कुलूप काढा असे कोणत्या तोंडाने सांगणार?

वर्ध्याची जुनी अट

यंत्र कसे असावे याचा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. पुढे १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यात आले, ग्रामोद्योग संघ इथेच उभा राहिला, आणि गावाच्या यंत्रांचा तो विचार इथे रुजला. त्या बक्षिसाच्या अटी आजच्या इंजिनिअरनेही वाचाव्यात अशा आहेत. यंत्राची किंमत दीडशे रुपयांपेक्षा जास्त नको. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते वीस वर्षे चालले पाहिजे. आणि सुटे भाग बदलण्याचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे दीडशेच्या यंत्राला साडेसात रुपये. बक्षीस कोणालाच मिळाले नाही, अटी इतक्या कडक होत्या.

चरख्याच्या अर्थशास्त्राबद्दल संघटनेचे म्हणणे वेगळे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. आम्हाला यंत्र हवे आहे, जगातले उत्तमातले उत्तम हवे आहे. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी घातलेले बियाणे उघडपणे पेरले, ते याच हक्कासाठी. पण यंत्र विकत घेताना ते वीस वर्षे कोण सांभाळणार, आणि त्याचा वर्षाचा खर्च किती, हा प्रश्न त्या अटींनी विचारला होता. शोरूममध्ये आपण तो विचारत नाही. हप्ता किती, एवढेच विचारतो.

करामागची चलाखी

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, पिकअपसारख्या मालवाहू गाड्यांवरचा अठ्ठावीसवरून अठरावर आला. त्याचा गाजावाजा झाला, होऊ द्या. पण यंत्र चालते ठेवणाऱ्या वंगणतेलावर अठरा टक्के राहिलेच. व्यापाऱ्याला आपल्या मालावरच्या करातून हा कर वळता करता येतो. शेतकऱ्याच्या मालावर कर नाही, म्हणून त्याला वळताही करता येत नाही. तो मुकाट्याने उत्पादनखर्चात जिरतो. शेतीला करमुक्त म्हणायचे आणि प्रत्येक डब्यामागे कर घ्यायचा, ही जुनी चलाखी आहे.

जिल्हा बैठकीपुढे

म्हणून बैठकीपुढे दोन प्रकारची कामे ठेवतो.

पहिली आपण करायची. प्रत्येक तालुक्यात पावसाळा संपताच, कापूस निघण्याआधी, एक दिवस ठरवावा. पाच-दहा गाड्या एका खळ्यावर आणाव्यात आणि जाणत्या मिस्त्रीला त्याचा रोज देऊन सन्मानाने बोलवावे. काम मात्र मालकाने आणि त्याच्या घरच्यांनी करावे, मिस्त्रीने उभे राहून सांगावे. मुलींनाही हाती पाना द्यावा. चार मजबूत स्टँड, एक तेलाचा पंप, एक ग्रीसची पिचकारी, बरोबर मापाचे पाने, एवढी साधने गावाने मिळून घेतली तर वर्षानुवर्षे पुरतात.

दुसरी मागून घ्यायची. गाडीबरोबर पूर्ण पुस्तिका मराठीत मिळावी. तेलाचा दर्जा आणि माप प्रत्येक घराजवळ कोरलेले असावे. मालकाने योग्य तेल वापरून स्वतः देखभाल केली तर गॅरंटी कायम राहील, हे कंपनीने लेखी द्यावे. तपासणीची साधने आणि सुटे भाग गावच्या मिस्त्रीला खुल्या बाजारात मिळावेत. दुरुस्तीचा हक्क समितीतून कायद्यात यावा. आणि शेतीला लागणाऱ्या वंगणावरचा कर उतरावा.

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल, त्याची सवय आपल्याला आहे. प्लग उघडायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी तिच्या पोटातले तेल एकदा पाहून घ्या, आणि त्या परातीत काय निघाले ते बैठकीत येऊन सांगा.